केटामाइन उपचाराकडून नेमकी काय अपेक्षा ठेवावी?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नैराश्यावरील केटामाइन उपचाराविषयी आपल्या आरोग्यविषयक पुरवणीत अलीकडे जे लिहून आले, त्यात हे औषध काही तासांत गुण देते, या एकाच गोष्टीवर सारा भर होता. ते खोटे नाही. मात्र गुण किती दिवस टिकतो, उपचाराच्या दिवशी रुग्णाला प्रत्यक्ष काय जाणवते आणि त्याच्या आधी व नंतर काय व्हायला हवे, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. मी निवृत्त भूलतज्ज्ञ आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील लहानमोठ्या रुग्णालयांत माझी उमेदीची सगळी वर्षे गेली आणि केटामाइन हे त्या काळातले माझे रोजच्या वापरातले औषध होते. त्यामुळे 'डॉक्टर, तुमचं ते भुलीचं इंजेक्शन आता डिप्रेशनला देतात म्हणे, आमच्या मुलाला द्यावं का?' असे विचारणारे फोन हल्ली मला येतात. कोणाला नैराश्य आहे आणि कोणाला काय द्यावे, हे ठरवण्याचा अधिकार मानसोपचारतज्ज्ञाचा आहे, माझा नाही. औषध मात्र माझ्या चांगल्या ओळखीचे आहे आणि त्याच्याकडून काय मागावे व काय मागू नये, एवढे सांगण्यापुरता हा पत्रप्रपंच.

केटामाइन नवे औषध नाही. 1962 साली अमेरिकेतील पार्क-डेव्हिस कंपनीसाठी काम करणारे रसायनशास्त्रज्ञ कॅल्विन स्टीव्हन्स यांनी ते तयार केले. 1964 मध्ये ते प्रथम माणसाला दिले गेले आणि 1970 मध्ये तेथे भुलीसाठी त्याला मान्यता मिळाली. व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांवर ते सर्रास वापरले गेले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. आमच्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्यांना ते का प्रिय होते, ते सांगायला हवे. भुलीची बहुतेक औषधे श्वास मंदावतात आणि रक्तदाब खाली आणतात. केटामाइन योग्य मात्रेत दिले, तर रुग्ण सहसा स्वतःचा स्वतः श्वास घेत राहतो आणि रक्तदाब उलट थोडा चढतो. भाजलेल्या रुग्णाचे ड्रेसिंग असो, लहान मुलाचा मोडलेला हात बसवायचा असो, किंवा रक्तस्रावाने गळून गेलेली बाळंतीण रात्री-अपरात्री जीपमधून आणलेली असो, वीज गेली आणि भुलीचे यंत्र बंद पडले तरी या एका व्हायलवर काम निभावून नेता येत असे. तोंडाला लाळ फार सुटते म्हणून आधी ॲट्रोपिन किंवा ग्लायकोपायरोलेट द्यायचे आणि मग केटामाइन. रुग्णाचे डोळे उघडेच राहायचे, बुबुळे हळूहळू एका बाजूला सरकून झटक्याने परत यायची, आणि तो आपल्याकडे पाहत असूनही तिथे नसायचा. नव्या सिस्टर हे पाहून हमखास घाबरत.

आम्हाला त्रास व्हायचा तो रुग्ण शुद्धीवर येताना. कोणी ओरडायचे, कोणी रडायचे, कोणी छतापाशी तरंगत असल्याचे सांगायचे, कोणाला वारलेले आईवडील भेटून गेलेले असायचे. अमेरिकेतील माहितीपत्रकात असा अनुभव सुमारे 12 टक्के रुग्णांना येतो असे म्हटलेले होते. आम्ही तो टाळण्यासाठी मिडॅझोलॅम हे गुंगीचे औषध देत असू, खोलीत अंधार ठेवत असू आणि नातेवाइकांना दाराबाहेर थोपवत असू. औषध देण्याआधी रुग्णाच्या कानाशी शांतपणे चार शब्द बोलले, त्याला कुठे आहे आणि काय होणार आहे हे सांगितले, तर शुद्धीवर येतानाचा गोंधळ पुष्कळ कमी होतो, हे भूल देणाऱ्या जुन्या मंडळींना ठाऊक होते. जो अनुभव दाबून टाकण्यात आमची हयात गेली, त्याच अनुभवाची आता जाहिरात होते आहे, याची मला गंमत वाटते. पण कानाशी बोललेल्या त्या चार शब्दांचे महत्त्व मात्र या नव्या उपचारातही तसेच राहिले आहे, किंबहुना तिथे ते जास्तच आहे.

नैराश्यासाठी या औषधाचा पहिला पद्धतशीर प्रयोग येल विद्यापीठातील संशोधकांनी 2000 साली प्रसिद्ध केला. रुग्ण अगदी मोजके होते. 2006 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील कार्लोस झराटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इतर औषधांना दाद न दिलेल्या 18 रुग्णांवर तसाच प्रयोग केला. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांना गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. इथे एकाच सलाईननंतर दिवसभरात फरक दिसू लागला. तेव्हापासून बहुतेक अभ्यासांत मात्रा तीच राहिली आहे : शरीराच्या दर किलो वजनामागे अर्धा मिलिग्रॅम, शिरेतून, 40 मिनिटांत. म्हणजे 60 किलो वजनाच्या माणसाला 30 मिलिग्रॅम. आपल्याकडे मिळणाऱ्या दहा मिलिलिटरच्या एका व्हायलमध्ये 500 मिलिग्रॅम औषध असते. भुलीसाठी आम्ही शिरेतून दर किलोला एक ते दोन मिलिग्रॅम एकदम देत असू, त्या तुलनेत ही मात्रा लहान आहे आणि तीही हळूहळू जाते. त्यामुळे रुग्ण बेशुद्ध होत नाही. 'भूल देऊन नैराश्य काढतात' ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. मेंदूतील ग्लुटामेट हे रसायन पेशीवर जिथे पकडले जाते, अशा एका ग्राहकाला (रिसेप्टरला) केटामाइन काही काळ अडवते आणि त्यानंतर मेंदूच्या पेशींमधील जोडण्या नव्याने वाढण्यास मदत होते, असे सध्याचे स्पष्टीकरण आहे. ते पूर्ण आहे असे संशोधकही म्हणत नाहीत.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते आणि ती बहुधा सोयीची असल्यामुळे होते. नुसते केटामाइनचे सलाईन लावणे हा एक उपचार झाला. केटामाइनच्या आधाराने केलेला मानसोपचार ही वेगळी गोष्ट आहे. दुसऱ्या प्रकारात औषधाचा दिवस हा अनेक भेटींपैकी एक असतो. त्याच्या आधी एक-दोन किंवा अधिक भेटी तयारीसाठी, आणि नंतरच्या भेटी त्या दिवशी जे वर आले त्याच्यावर बोलण्यासाठी असतात. मुंबई-पुण्यातील काही खासगी दवाखान्यांत केटामाइन दिले जाते, त्यांतील बहुतेक ठिकाणी दिले जाते ते सलाईन. त्यात गैर काही नाही; मानसोपचारतज्ज्ञाने विचारपूर्वक ठरवले असेल तर तेही योग्यच. पण सलाईन लावून, तासाभराने ऑटोरिक्षात बसवून घरी पाठवायचे आणि बिलावर मात्र 'थेरपी' लिहायचे, हे मला पटत नाही. रुग्णाने पहिल्याच भेटीत सरळ विचारावे : औषधाच्या आधी माझ्याशी कोण, किती वेळ बोलणार आहे आणि नंतर कोण बोलणार आहे? या प्रश्नाचे उत्तर ज्या दवाखान्यात चाचरत मिळते, तिथे मानसोपचार होत नाही असे समजायला हरकत नाही.

तयारीच्या भेटीत काय व्हावे? आजाराचा इतिहास, आतापर्यंत कोणती औषधे किती मात्रेत आणि किती आठवडे घेतली याची चौकशी, आत्महत्येचे विचार येतात का हे स्पष्ट शब्दांत विचारणे, रक्तदाब, हृदयविकार, दारू व इतर व्यसने, घरात कोणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार आहे का, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या, म्हणजे क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलामसारख्या, केटामाइनचा गुण कमी करू शकतात असे दिसून आले आहे. आपल्याकडे या गोळ्या वर्षानुवर्षे घेणारे आणि डॉक्टरांना न सांगणारे लोक घरोघरी आहेत. 'ती तर साधी झोपेची गोळी' म्हणून सांगायचे राहून जाते. ते राहू देऊ नये. आणि स्वतःच्या मनाने अचानक बंदही करू नये, कारण तसे करणे धोक्याचे असते. याच भेटीत रुग्णाने आपल्याला काय हवे आहे ते शब्दांत मांडायचे असते. 'बरे व्हायचे आहे' एवढे पुरत नाही. भावाच्या मृत्यूनंतर जे बोललेच गेले नाही त्याला हात घालायचा आहे, की दिवसभर डोक्यात फिरणारे 'मी कुचकामी आहे' हे एकच वाक्य सैल करायचे आहे, हे आधी ठरलेले असले म्हणजे पुढच्या संभाषणाला धरायला काही राहते.

आता प्रत्यक्ष दिवस. किमान चार तास, आणि अनेक ठिकाणी त्याहून अधिक, पोटात अन्न नको. सोबत घरचे एक माणूस हवेच. खोलीत गेल्यावर रक्तदाब, नाडी आणि बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजणारे यंत्र लावले जाते. शक्यतो मंद उजेड, डोळ्यांवर पट्टी, कानात शब्द नसलेले संगीत. औषध शिरेतून, दंडाच्या किंवा मांडीच्या स्नायूत, किंवा जिभेखाली विरघळणाऱ्या गोळीने दिले जाते. अमेरिकेत 2019 पासून एस्केटामाइन या भावंड औषधाचा नाकात मारायचा फवाराही मान्य झाला आहे. शिरेतून दिलेल्या औषधाची मात्रा हातात राहते आणि रुग्ण अस्वस्थ झाला तर ते तत्काळ थांबवता येते. तोंडावाटे घेतलेल्या औषधाचा थोडाच भाग रक्तात पोचतो आणि तो किती, हे माणसागणिक बदलते. भूलतज्ज्ञ म्हणून माझा कौल शिरेला आहे, पण स्नायूतून देणाऱ्यांचीही स्वतःची कारणे आहेत.

औषध सुरू झाल्यावर काही मिनिटांत ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हातपाय जड किंवा उलट अगदी हलके वाटू लागतात, आवाज लांबून आल्यासारखे होतात. मग आपले शरीर इथे आणि आपण थोडे बाजूला, अशी जाणीव होते. वेळेचे भान सुटते. वीस मिनिटे झाली की दोन तास, हे सांगता येत नाही. काहींना रंग आणि आकृत्या दिसतात, काहींना जुनी घरे, जुनी माणसे, काहींना काहीच दिसत नाही, फक्त आजवर न मिळालेली शांतता जाणवते. काहींना भीती वाटते. 'मी मेलो की काय' किंवा 'आता मी परत येणारच नाही' असे वाटण्याचा एखादा क्षण येऊ शकतो, आणि तो येऊ शकतो हे आधी सांगितलेले असले तर माणूस त्यातून निभावतो. अशा वेळी शेजारी बसलेल्या माणसाने फार बोलायचे नसते. 'मी इथेच आहे, औषधाचा असर आहे, थोड्या वेळात उतरेल' एवढे पुरते. हातावर हात ठेवायचा असेल तर त्याचीही परवानगी आधीच, शुद्धीत असताना घेतलेली असावी. रुग्ण एकटाच आणि त्यातून स्त्री रुग्ण असेल, तर खोलीत दुसरी व्यक्ती असलीच पाहिजे, हा नियम भूल देताना आम्ही कसोशीने पाळत असू. इथे तो का सैल व्हावा?

पाऊण तास ते तासाभरात बहुतेक असर ओसरतो. त्या उतरत्या काळात, जीभ जड असताना, लोक बोलू लागतात. काही उपचारक याच वेळी संभाषण करतात, काही दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतात. मला एवढेच ठाऊक आहे की केटामाइनमधून बाहेर येणारा माणूस शाळेत शिकलेल्या भाषेत बोलत नाही. तो घरच्या बोलीत बोलतो. कोल्हापूरकडच्या रुग्णाच्या उशाशी फक्त इंग्रजी आणि हिंदी जाणणारा समुपदेशक बसला असेल, तर हाती काय लागणार याचा विचार दवाखान्यांनी करावा. मळमळ, एखादी उलटी, चक्कर, डोळ्यांपुढे धूसर दिसणे आणि डोके दुखणे हे त्रास बऱ्याच जणांना होतात व काही तासांत जातात. रक्तदाब तात्पुरता चढतो, म्हणून तो मधूनमधून मोजलाच पाहिजे. एस्केटामाइनच्या बाबतीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने किमान दोन तास देखरेखीची अट घातली आहे आणि रात्रीची नीट झोप होऊन दुसरा दिवस उजाडेपर्यंत वाहन चालवण्यास मनाई केली आहे. हीच शिस्त इथेही असावी. स्कूटरवर मागे बसूनसुद्धा त्या दिवशी घरी जाऊ नये, आणि बँकेतली, निबंधक कार्यालयातली किंवा घरातल्या वाटणीची कोणतीही सही त्या दिवशी करू नये.

घरच्यांसाठी एक विनंती. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच 'मग, आता बरं वाटतंय ना?' असे विचारू नका. हा प्रश्न प्रेमापोटी येतो, पण ज्याला अजून काही वाटत नाही त्याच्यासाठी तो परीक्षेच्या निकालासारखा असतो. काहींना त्याच संध्याकाळी हलके वाटते, काहींना दुसऱ्या दिवशी, काहींना तिसऱ्या-चौथ्या सलाईननंतर, आणि काहींना कधीच नाही. पहिल्या उपचारानंतर काहीच न वाटलेल्या माणसाला 'हा शेवटचा उपायही फसला' असे वाटण्याचा धोका खरा आहे, आणि जाहिरातीत चमत्काराची भाषा वापरणारे या धोक्यात भर घालतात.

गुणाच्या आकड्यांकडे येतो. 2023 मध्ये अमेरिकेत डॉ. अमित आनंद यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या मोठ्या अभ्यासात, औषधांना दाद न देणाऱ्या पण भ्रम नसलेल्या नैराश्याच्या रुग्णांमध्ये केटामाइनची तुलना विद्युतोपचाराशी, म्हणजे लोक ज्याला शॉक म्हणतात त्याच्याशी केली गेली. तीन आठवड्यांच्या उपचारानंतर केटामाइन घेतलेल्यांपैकी 55 टक्के आणि विद्युतोपचार घेतलेल्यांपैकी 41 टक्के रुग्णांना लक्षणीय गुण आला. म्हणजे केटामाइन त्या उपचारापेक्षा उणे ठरले नाही. पण याचाच अर्थ असा की दहांतल्या चार-पाच जणांना तितका गुण आला नाही; आणि केटामाइनने ज्यांना आला, त्यांतील सुमारे एक तृतीयांश लोक सहा महिन्यांत पुन्हा घसरले. आत्महत्येच्या तीव्र विचारांमुळे दाखल झालेल्या 156 रुग्णांचा फ्रान्समधील अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. तिसऱ्या दिवशी केटामाइनच्या गटातील 63 टक्के रुग्णांचे असे विचार थांबले होते, औषधाविना नुसते सलाईन दिलेल्यांत हे प्रमाण सुमारे 32 टक्के होते. सहा आठवड्यांनी मात्र दोन गटांतील फरक ठामपणे सांगण्याइतका उरला नव्हता. जीव वाचवण्यासाठी ते पहिले तीन दिवस फार मोलाचे आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

भूलतज्ज्ञ म्हणून मला सर्वांत विचारात पाडले ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील 2023 च्या एका प्रयोगाने. शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल दिलेल्या, आणि नैराश्यही असलेल्या 40 रुग्णांपैकी निम्म्यांना भुलीतच केटामाइन दिले आणि निम्म्यांना औषधाविना नुसते सलाईन. कोणाला काय दिले हे रुग्णाला कळण्याची शक्यताच नव्हती. दोन्ही गटांतील रुग्णांचे नैराश्य उतरले आणि ते सारखेच उतरले. आपल्याला केटामाइन मिळाले असे ज्यांना वाटत होते, त्यांना जास्त बरे वाटले. यावरून औषध निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. भुलीच्या इतर औषधांनी त्याचा असर झाकला असेल, अभ्यासही लहानच होता. पण आशा, तयारी, कोणीतरी आपल्याकडे लक्ष देत आहे ही जाणीव, यांचा वाटा मोठा आहे हे त्यातून दिसते, आणि जागेपणी घेतलेल्या केटामाइनच्या अभ्यासांत तो वेगळा काढता येत नाही, कारण असर इतका ठळक असतो की कोणाला औषध मिळाले हे रुग्णालाही कळते आणि डॉक्टरलाही.

मग मानसोपचाराच्या जोडीचा पुरावा कितपत आहे? खरे सांगायचे तर नुसत्या औषधाच्या पुराव्यापेक्षा बराच कमी. 1985 पासून रशियातील लेनिनग्राडमध्ये (आजचे सेंट पीटर्सबर्ग) येवगेनी क्रुपित्स्की यांनी दारूच्या व्यसनासाठी केटामाइन आणि मानसोपचार एकत्र वापरले. निकाल उत्साहवर्धक होते, पण अभ्यासाची रचना आजच्या कसोटीची नव्हती. 2022 मध्ये इंग्लंडमध्ये 96 मद्यासक्त रुग्णांवर झालेल्या प्रयोगात केटामाइनची तीन साप्ताहिक सलाईन आणि मानसोपचार मिळालेल्या गटाने पुढील सहा महिन्यांत दारूशिवाय सर्वांत जास्त दिवस काढले. पुन्हा दारूकडे वळणाऱ्यांच्या संख्येत मात्र स्पष्ट फरक पडला नाही. एवढ्यावर छातीठोक विधान करता येत नाही. तरीही मी मानसोपचाराच्या जोडीच्या बाजूने आहे, आणि माझे कारण साधे आहे. एका सलाईनने मिळालेली उसंत बहुधा आठवडाभराची असते. सततच्या निराशेतून थोडे मोकळे झालेले मन तेवढ्या दिवसांत बोलू शकते, ऐकू शकते, सकाळी उठून अंघोळ करू शकते, टाळलेला फोन करू शकते. ते दिवस कोणाशीही न बोलता गेले, तर हाती उरते ते पुढच्या सलाईनची वाट पाहणे. आणि वाट पाहण्याची ही सवय केटामाइनच्या बाबतीत धोक्याची आहे.

कारण हे औषध चटक लावू शकते. नशेसाठी वारंवार घेणाऱ्यांमध्ये मूत्राशयाला इतकी इजा होते की दर काही मिनिटांनी वेदनेसह लघवीला जावे लागते. 2007 पासून वैद्यकीय नियतकालिकांत याची नोंद आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखालील थोड्या मात्रेत हा धोका कमी आहे, पण महिनोन्‌महिने उपचार चालणार असेल तर लघवीच्या तक्रारी विचारल्याच पाहिजेत. अमेरिकी अभिनेता मॅथ्यू पेरी यांचा ऑक्टोबर 2023 मध्ये झालेला मृत्यू अनेकांना आठवत असेल. ते केटामाइनचा वैद्यकीय उपचार घेत होते, परंतु मृत्यूच्या वेळी रक्तात आढळलेले औषध त्या उपचारातले असणे शक्य नव्हते, कारण शेवटचे सलाईन दीड आठवड्यापूर्वीचे होते, असे शवविच्छेदनाच्या अहवालात नमूद आहे. घरी, देखरेखीशिवाय, भुलीच्या मात्रेइतके औषध आणि पाण्याच्या टबात एकटा माणूस. मला या प्रकरणात आश्चर्य वाटण्यासारखे काही दिसले नाही, आणि हेच जास्त वाईट आहे. आटोक्यात नसलेला रक्तदाब, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका, रक्तवाहिनीला आलेला फुगा, सक्रिय भ्रम किंवा उन्माद, गर्भारपण, अशा परिस्थितीत हा उपचार सहसा नाकारला जातो. नकार मिळाला तर दुसरा दवाखाना शोधू नये.

परदेशात राहणारे नातेवाईक हल्ली 'इकडे तर गोळ्या कुरिअरने घरी येतात' असे सांगतात. कोविडकाळात अमेरिकेत नियम शिथिल झाले आणि व्हिडिओ कॉलवर तपासून केटामाइन घरी पाठवण्याचा व्यवसाय वाढला, हे खरे आहे. त्याच देशाच्या औषध प्रशासनाला ऑक्टोबर 2023 मध्ये याच प्रकाराविरुद्ध इशारा द्यावा लागला, आणि केटामाइनला कोणत्याही मानसिक आजारासाठी आम्ही मान्यता दिलेली नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. मान्यता आहे ती एस्केटामाइनच्या फवाऱ्याला, आणि तोही नोंदणीकृत केंद्रातच घ्यावा लागतो. आपल्याकडे 2011 पासून केटामाइन अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे आणि 2013 च्या अखेरीपासून औषध नियमांच्या 'एक्स' परिशिष्टात आहे. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला जपून ठेवावी लागते. मार्च 2020 च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनुसार अशी औषधे फोनवर किंवा व्हिडिओवर तपासून लिहून देता येत नाहीत. तेव्हा मोबाइलवर चार प्रश्न विचारून केटामाइन घरपोच देऊ म्हणणारा कोणी भेटला, तर त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवावे. डॉक्टर आपल्या दवाखान्यात नैराश्यासाठी केटामाइन वापरतात, तेव्हा भुलीच्या औषधाचा तो मंजूर उपयोगापलीकडचा वापर असतो. असा वापर वैद्यकशास्त्रात नवा नाही, पण हे वाक्य रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगून, संमतिपत्रावर मराठीत लिहून मगच सही घेतली पाहिजे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने समजून-उमजून दिलेल्या संमतीला जे स्थान दिले आहे, ते इंग्रजीतल्या छापील फॉर्मवर खूण करून दिलेल्या सहीला लागू होत नाही.

खर्चाबद्दल थोडेच. औषधाची व्हायल स्वस्त आहे. पैसे जातात ते जागा, यंत्रे, प्रशिक्षित माणसे आणि वेळ यांना. त्यामुळे दर सलाईनचा आकडा ऐकण्यापेक्षा एकूण किती सलाईन, नंतर किती भेटी, आणि गुण आला नाही तर कुठे थांबायचे, हे आधी लेखी मागावे. देशात लाखभर लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, त्यामुळे चार-सहा भेटी बसून बोलणारा माणूस मिळणे हेच या उपचारातले सर्वांत दुर्मीळ औषध ठरते. दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसे आठवडे घेऊनही फरक पडला नाही, तरच सहसा केटामाइनचा विचार होतो. दोन आठवड्यांत गोळी सोडून 'मला औषधे लागूच पडत नाहीत' म्हणणाऱ्याने आधी ती गोळी नीट घ्यावी.

भूलशास्त्र आणि मानसोपचार या दोन्ही क्षेत्रांतील संघटनांनी एकत्र बसून, केटामाइन देताना खोलीत कोण असावे, कोणती यंत्रे असावीत, प्राणवायू आणि श्वासमार्ग सांभाळणारी व्यक्ती किती अंतरावर असावी, आणि आधी-नंतरच्या भेटी किमान किती असाव्यात, याची मराठीतील एक-दोन पानांची नियमावली काढावी व ती दवाखान्याच्या भिंतीवर लावणे बंधनकारक करावे, अशी माझी मागणी आहे. आपल्याला विनंती अशी की या विषयावर यापुढे लेख छापताना सोबत 'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा 14416 हा विनाशुल्क क्रमांक चौकटीत द्यावा. तिथे मराठीतही बोलता येते, आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्या माणसाने केटामाइनची भेट ठरेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ,
जि. सातारा